राउटर : पेढीचा दुसरा शिक्का

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबाद शहरात साखळी बॉम्बस्फोट झाले. त्यापूर्वी अवघी काही मिनिटे प्रसारमाध्यमांकडे एक धमकीचा ई-मेल येऊन पोहोचला होता. तपास यंत्रणांनी त्याचा माग काढला तेव्हा तो नवी मुंबईतील सानपाडा येथील एका सदनिकेच्या दाराशी थांबला. तेथे एक अमेरिकन गृहस्थ राहत होते. त्यांच्या घरातील वायफायला संरक्षण नव्हते आणि परक्याच कोणी त्याचा उपयोग करून तो ई-मेल धाडला होता. परंतु ते उलगडेपर्यंत संगणकांची जप्ती, जाबजबाब आणि वृत्तपत्रांतील मथळे हे सर्व त्या गृहस्थांच्या वाट्याला येऊन गेले. त्याच वर्षी १३ सप्टेंबरला दिल्लीत स्फोट झाले. त्या वेळच्या ई-मेलचा माग चेंबूरमधील एका खाजगी कंपनीच्या वायफायपर्यंत गेला. कंपनी आपला व्यवसाय करीत होती. तिचा राउटर मात्र दुसऱ्याच कोणाच्या कामी आला होता.

ही जुनी हकीकत आज सांगण्याचे कारण असे, की आता आपल्यापैकी बहुतेकांच्या पेढीवर, दुकानात, गोदामाच्या कचेरीत राउटर आहे. जीएसटीचे विवरणपत्र, ई-वे बिल, बँकेचे व्यवहार, वसुलीचे निरोप, कॅमेऱ्यांचे चित्रण, सारे त्या तळहाताएवढ्या डब्यातून जाते-येते. आणि तो बसविला जातो कसा? नेट देणाऱ्या कंपनीचा मुलगा येतो, भिंतीला दोन स्क्रू मारतो, पासवर्ड म्हणून दुकानाचे नाव आणि त्यापुढे १२३ असे घालतो, चहा घेतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे जातो. तिजोरीची किल्ली रात्री कोणाच्या कमरेला असावी याचा पिढ्यान्‌पिढ्या विचार करणारी घरे या डब्याच्या किल्लीचा विचारच करीत नाहीत.

हा डबा नेमके काय करतो हे एकदा समजून घेतले, की पुढच्या साऱ्या गोष्टी आपोआप उलगडतात. इंटरनेटवरील प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो. पत्त्यांची जी पद्धत आजही सर्वत्र रुळलेली आहे, तीत एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटीच आहेत. जगाची लोकसंख्या त्याहून मोठी, शिवाय एकेका घरात पाच-सात यंत्रे. म्हणून १९९० च्या दशकात एक तोड निघाली. काही पत्ते आतल्या आत वापरण्यासाठी राखून ठेवण्यात आले (१९२.१६८ या आकड्यांनी सुरू होणारे पत्ते त्यांतलेच), आणि बाहेर पडताना मात्र आतल्या सर्वांनी मिळून एकच पत्ता वापरायचा असे ठरले. ही देवघेव राउटर सांभाळतो. गल्ल्यावरचा संगणक, मुनीमजींचा मोबाइल, माडीवरचा प्रिंटर यांचे आतले पत्ते वेगवेगळे. पण त्यांच्यापैकी कोणाचाही मजकूर बाहेर निघाला की राउटर आतला पत्ता झाकतो आणि त्यावर पेढीचा पत्ता घालतो. उत्तर परत आले की आपल्या टिपणात पाहून ते ज्याचे त्याला पोहोचते करतो.

जुन्या काळी हुंडी कोणत्या मुनीमाच्या हातची आहे हे बाजार विचारीत नसे. खाली पेढीचे नाव असले की जबाबदारी पेढीची. राउटरचेही तसेच आहे. आत बसून कोणी काय केले हे जगाला दिसत नाही. जगाला दिसतो तो आपला शिक्का. अलीकडे कित्येक कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून बाहेरचा एकच पत्ता देतात हे खरे. परंतु कोणत्या वेळी कोणता ग्राहक त्यामागे होता याची नोंद त्यांना ठेवावी लागते, आणि तपास अखेर आपल्याच उंबऱ्याशी येतो. म्हणून माझे म्हणणे एवढेच, की तार ओढण्याचे आणि पिना मारण्याचे काम खुशाल कारागिराकडे द्यावे. पण आत कोणाला घ्यायचे आणि किल्ल्या कोणाकडे राहायच्या हे मालकाने स्वतः समोर बसून ठरवावे. अर्ध्या तासाचे काम आहे.

जागा आणि तार

राउटरची जागा बहुधा तार जेथून आत येते तेथेच ठरून जाते, म्हणजे शटरच्या वर. ही जागा वाईट. लहरी चहूबाजूंना पसरतात, त्यामुळे शटरवरच्या राउटरचे निम्मे बळ रस्त्याला मिळते आणि मागच्या खोलीत हिशेबाला बसलेला माणूस गोल फिरणाऱ्या चक्राकडे पाहत राहतो. कोणी उचलून नेईल या भयाने काही जण राउटर लोखंडी कपाटात ठेवतात. लोखंडाच्या पेटीतून लहरी जेमतेम बाहेर पडतात. दुकानाचा मध्य, डोक्याहून उंच, मोकळी भिंत, ही उत्तम जागा. मालाच्या लोखंडी मांडण्यांनी भरलेल्या गोदामात एका राउटरने भागत नाही. तेथपर्यंत तार नेऊन दुसरे वायफाय उभारावे.

आधुनिक राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो. २.४ गिगाहर्ट्‌झची पट्टी दूरवर पोहोचते, भिंती ओलांडते, पण मंद आणि गर्दीची. ५ गिगाहर्ट्‌झची वेगवान, पण एका जाड भिंतीपाशीच दमते. बाजारपेठेत शेजारी शेजारी वीस दुकाने असली की पहिल्या पट्टीवर सगळेच एकदम बोलू लागतात. तीत एकमेकांना न अडविणाऱ्या वाहिन्या तीनच : १, ६ आणि ११. आसपास जी मोकळी असेल ती निवडून घ्यावी, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

माझा एक साधा नियम आहे. जे यंत्र जागचे हलत नाही त्याला तार द्यावी. जे हातात फिरते त्याला वायफाय. टॅलीची माहिती ज्या संगणकावर असते तो आणि तीवर काम करणारे संगणक तर तारेवरच हवेत. नोंद लिहिली जात असताना जोड तुटला तर खात्यांची फाइल बिघडण्याचा धोका असतो, आणि मार्चअखेरीस तो कोणालाच परवडणारा नाही.

तार घेताना मात्र माल पारखून घ्यावा. बाजारात स्वस्त मिळणाऱ्या कित्येक केबलींत शुद्ध तांबे नसते; आत ॲल्युमिनियम आणि वर तांब्याचा मुलामा. चाकूने खरवडून पाहिले की पांढरी धातू दिसते. अशी तार लवकर तुटते आणि पिनेत नीट बसत नाही. ‘कॅट ५-ई’ किंवा ‘कॅट ६’ छापलेली, अस्सल तांब्याची केबल घ्यावी आणि एका तुकड्याची लांबी १०० मीटरच्या आत ठेवावी.

या केबलीत आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. सेकंदाला १०० मेगाबिटपर्यंतचे काम दोनच जोड्यांवर चालते. त्यापुढचे, १००० मेगाबिटचे काम चारही जोड्या धडधाकट असल्याशिवाय होत नाही. महिन्याला ३०० मेगाबिटचे पैसे भरूनही तारेवरच्या संगणकावर आकडा ९०-९५ पुढे सरकत नसेल, तर कंपनीशी वाद घालण्याआधी पिन नव्याने मारून घ्यावी; एखादी तार आत टेकलेली नसते. राउटरचे किंवा संगणकाचे भोकच १०० मेगाबिटचे असेल, तरीही हेच घडते. येथे मापाचाही एक घोटाळा आहे. कंपनी वेग मेगाबिटमध्ये सांगते आणि संगणक फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये दाखवितो. आठ बिटांचा एक बाइट. म्हणून १०० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट उतरतात. ही फसवणूक नव्हे, माप वेगळे आहे.

दोन मुनीम एका गादीवर

लहान कार्यालयांत ‘नेट कधी चालते, कधी चालत नाही’ ही जी तक्रार असते, तिचे मूळ पुष्कळदा एकाच जागी सापडते. आत येणाऱ्या प्रत्येक यंत्राला राउटर एक आतला पत्ता वाटून देतो. या वाटपाला डीएचसीपी म्हणतात. एका जाळ्यात हे काम एकानेच करावे. परंतु होते काय, की कंपनीने दिलेला फायबरचा डबा असतो, तोही पत्ते वाटतो. पुढे वायफाय कमी पडते म्हणून आपण बाजारातून दुसरा राउटर आणतो, तोही पत्ते वाटतो. एका गादीवर दोन मुनीम बसले आणि दोघांनी स्वतंत्र पावत्या फाडल्या, तर संध्याकाळी रोजमेळ जुळेल काय? काही यंत्रांना नेट मिळते, काहींना मिळत नाही. खालच्या मजल्यावरून प्रिंटर दिसतो, वरून दिसत नाही.

यातून सुटण्याचे दोन सरळ मार्ग आहेत. कंपनीचा डबाच मालक ठरवायचा असेल, तर दुसऱ्या राउटरचे पत्तेवाटप बंद करावे, त्याला स्वतःला वेगळा आतला पत्ता द्यावा (पहिल्याचा १९२.१६८.१.१ असेल तर दुसऱ्याला १९२.१६८.१.२), आणि तार त्याच्या ‘लॅन’ भोकात लावावी. पुष्कळ राउटरांत यासाठी ‘ॲक्सेस पॉइंट’ नावाची सोय तयारच असते. किंवा उलट करावे. कंपनीला सांगून तिचा डबा केवळ प्रकाशाचे विजेत रूपांतर करणारा, म्हणजे ‘ब्रिज’ करून घ्यावा आणि सारा कारभार आपल्या राउटरकडे द्यावा. येथे तार ‘वॅन’ भोकात. ज्यांच्याकडे चार-पाच संगणक आणि सामायिक खाती आहेत त्यांनी दुसरा मार्ग धरावा असे मला वाटते. कंपनी बदलली तरी घरचा कारभार हलत नाही.

पत्तेवाटपाबद्दल आणखी एक गोष्ट. प्रिंटर आणि खात्यांचा संगणक यांचे पत्ते कायमचे राखून ठेवावेत. राउटरच्या पानावर त्यासाठी ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ असे सदर असते. तसे न केल्यास वीज जाऊन आल्यावर प्रिंटरला नवा पत्ता मिळू शकतो आणि गिऱ्हाईक समोर उभे असताना बिल निघत नाही. प्रिंटर बिचारा चालू असतो. संगणक त्याला जुन्या घरी शोधीत असतो.

आणि हो, स्विचमधून एखादी तार लोंबकळताना दिसली तर ती रिकाम्या भोकात खुपसू नये, असे दुकानातल्या सर्वांना सांगून ठेवावे. तिचे दुसरे टोक त्याच स्विचमध्ये असेल, तर मजकूर वर्तुळात फिरत राहतो आणि काही क्षणांत सारे जाळे ठप्प होते. असे उद्योग बहुधा सर्वांत कामसू नोकराकडूनच होतात.

तीन किल्ल्या

राउटरच्या किल्ल्या तीन असतात आणि त्यांची सरमिसळ हेच गोंधळाचे कारण. पहिली, कंपनीने दिलेले जोडणीचे नाव व पासवर्ड. दुसरी, राउटरच्या आतल्या पानाची. संगणकाच्या ब्राउझरमध्ये राउटरचा आतला पत्ता टंकला (अंक अर्थातच इंग्रजी) की हे पान उघडते. तिसरी वायफायची, जी आपण लोकांना देतो.

यांतली दुसरी किल्ली सर्वांत मोलाची आणि सर्वांत दुर्लक्षित. कारखान्यातून येताना पुष्कळ यंत्रांत ती अगदी ठरावीक असते. नावही ‘ॲडमिन’ आणि पासवर्डही ‘ॲडमिन’. याचा परिणाम काय होतो हे २०१६ साली जगाने पाहिले. ‘मिराई’ नावाच्या उपद्रवी प्रणालीजवळ कारखानी नावे आणि पासवर्ड यांच्या साठेक जोड्यांची यादी होती. इंटरनेटवर उघड्या दिसणाऱ्या कॅमेऱ्यांवर, डीव्हीआरवर आणि राउटरांवर ती यादी चालवून पाहणे, एवढेच तिचे तंत्र. ज्यांनी पासवर्ड बदलले नव्हते अशी लाखो यंत्रे तिच्या ताब्यात गेली, आणि २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्यांच्या एकत्रित माऱ्याने अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारखी मोठी संकेतस्थळे काही तास कोलमडली. त्या यंत्रांच्या मालकांना याची वार्ताही नव्हती. त्यांचे दुकान चालू होते, कॅमेरा चित्र दाखवीत होता.

तेव्हा पहिल्याच दिवशी आतल्या पानाचा पासवर्ड बदलावा. त्याच पानावर बाहेरून कारभार करण्याची सोय, म्हणजे ‘रिमोट मॅनेजमेंट’, बंद आहे ना हे पाहावे. बटण दाबून जोडण्याची ‘डब्ल्यूपीएस’ ही सोयही बंद करावी. तिच्या आठ अंकी क्रमांकातील कच्चा दुवा २०११ सालीच उघड झाला. तो क्रमांक दोन तुकड्यांत तपासला जात असल्याने दहा कोटींऐवजी सुमारे ११ हजार प्रयत्नांतच सापडू शकतो. वायफायचे कुलूप ‘डब्ल्यूपीए २’ किंवा २०१८ साली आलेले ‘डब्ल्यूपीए ३’ असावे. जुने मोबाइल किंवा प्रिंटर तिसऱ्याला जोडले जात नाहीत, म्हणून दोहोंचे मिश्र कुलूप बहुतेकांना सोयीचे पडते. ‘डब्ल्यूईपी’ दिसले तर तो राउटरच निवृत्त करावा. पासवर्ड लांब असावा. चार असंबद्ध शब्द एकापुढे एक जोडले तरी चालतात. दुकानाचे नाव, मालकाचा मोबाइल क्रमांक आणि मुलाची जन्मतारीख ही तीन गावभर ठाऊक असलेली कुलपे आहेत. राउटरच्या पाठीवर कारखानी पासवर्डाची चिठ्ठी असते, ती गल्ल्यासमोर उभ्या राहणाऱ्याला वाचता येते का, हेही एकदा त्याच्या जागी उभे राहून पाहावे.

पाहुणे आणि शेजारी

आता सर्वांत नाजूक भाग. गिऱ्हाईक येते, दलाल येतात, मालाच्या गाडीचा चालक तासभर थांबतो, पाहुणे येतात, आणि ‘वायफाय काय आहे हो?’ असे सहज विचारतात. नाही म्हणणे जिवावर येते. शेजारच्या दुकानाचा तर प्रश्नच वेगळा. तीस वर्षांचे संबंध, सुखदुःखात धावून येणारे लोक. एवढ्याशा नेटला नकार द्यायचा तो कसा?

दाराशी आलेल्याला पाणी द्यावे. पण पाणी देणे आणि पेढीचा शिक्का हाती देणे यांत अंतर आहे, आणि सुदैवाने राउटरमध्ये या अंतराची सोय केलेली असते. ‘गेस्ट नेटवर्क’ या नावाने वेगळे वायफाय चालू करता येते. त्यावर आलेल्याला इंटरनेट मिळते. पेढीचे संगणक, प्रिंटर, खात्यांचे फोल्डर त्याला दिसत नाहीत. हे दुसरे वायफाय पाहुण्यांना द्यावे, त्याचा पासवर्ड वरचेवर बदलावा. कॅमेऱ्यांचा डीव्हीआर वायफायचा असेल तर त्यालाही तेथेच पाठवावे, कारण वर्षानुवर्षे कोणी न पाहिलेली अशी यंत्रे खात्यांच्या शेजारी बसविणे बरे नव्हे. मात्र एक ध्यानात ठेवावे : ‘ॲक्सेस पॉइंट’ म्हणून लावलेल्या कित्येक स्वस्त राउटरांत हा आडपडदा नावालाच असतो. म्हणून परीक्षा घ्यावी. आपला मोबाइल पाहुण्यांच्या वायफायवर जोडावा आणि ब्राउझरमध्ये प्रिंटरचा आतला पत्ता टंकावा. प्रिंटरचे पान उघडले तर पडदा फाटका आहे.

या वेगळेपणाचे महत्त्व मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने दाखविले. संगणकातील फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारी ही प्रणाली एका संगणकात शिरली, की त्याच जाळ्यातील इतर संगणक स्वतःच शोधून त्यांत पसरत असे. मायक्रोसॉफ्टने त्यावरील दुरुस्ती दोन महिने आधी, मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती ते सापडले. इंग्लंडमधील रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. आपल्याकडे खात्यांचे फोल्डर ‘सर्वांना खुले’ ठेवण्याची पद्धत सर्रास आहे. ते ज्यांना लागते त्यांच्याच नावे खुले करावे, आणि खात्यांची एक प्रत रोज अशा डिस्कवर घ्यावी जी काम झाल्यावर काढून ठेवली जाते. कायम जोडलेली डिस्क अशा वेळी वाचत नाही.

शेजाऱ्याच्या बाबतीत मात्र माझे मत थोडे कठोर आहे. पाहुण्याचे वायफायदेखील बाहेर पडते ते आपल्याच पत्त्यावरून. तासाभराच्या पाहुण्याची गोष्ट निराळी; शेजारच्या दुकानातील नोकर, त्यांचे मित्र, त्यांचे मोबाइल वर्षभर आपल्या नावाने जगात वावरणार असतील, तर ते जामीन राहण्यासारखे आहे. शेजाऱ्याला स्वतःची जोडणी घेऊन देण्यास मदत करावी. हवे तर पहिल्या महिन्याचे पैसे आपण भरावेत. संबंध टिकतात.

नोकर काम सोडून गेला की वायफायचा पासवर्ड त्याच दिवशी बदलावा. यात अविश्वास नाही, रीत आहे. दिवाणजी बदलले की कुलूप बदलणाऱ्या पेढ्या पूर्वीही होत्या. एरवी वर्षातून एकदा, पाडव्याला नव्या वह्या काढतो त्या दिवशी, राउटरचे तीनही हिशेब पाहून घ्यावेत : किल्ल्या बदलल्या का, जोडलेल्या यंत्रांच्या यादीत अनोळखी नाव आहे का, आणि कारखान्याने राउटरच्या प्रणालीत नवी दुरुस्ती पाठविली आहे का. यादी वाचताना मुलांना जवळ बसवावे. कोणते नाव कोणाच्या मोबाइलचे हे त्यांना आपल्याहून चटकन ओळखता येते.

आता वीज. फायबरचा डबा आणि राउटर दोघांनाही छोटा यूपीएस हवा. पुष्कळ ठिकाणी राउटरला तो असतो आणि डब्याला नसतो. मग वायफाय दिसते, नेट चालत नाही. डब्यावर ‘एलओएस’ अक्षरांजवळ तांबडा दिवा लागला असेल तर प्रकाशाचा धागाच तुटलेला किंवा दुमडलेला आहे. तेथे राउटर बंद-चालू करून काही होत नाही, कंपनीलाच कळवावे.

वर सांगितलेल्या तीन किल्ल्या, कंपनीचा ग्राहक क्रमांक, राखून ठेवलेले पत्ते आणि कोणती तार कोठे जाते याचा साधा नकाशा, एवढे एका कागदावर लिहून तो तिजोरीत ठेवावा. मोबाइलमध्ये ठेवलेली माहिती मोबाइलबरोबर जाते. हा कागद हाताशी नसताना राउटरच्या पाठीवरचे सुईच्या टोकाने दाबायचे बटण कोणी दाबले, तर आतले सर्व पुसले जाते आणि दुकान कंपनीच्या माणसाची वाट पाहत बसते.

तेच बटण एका प्रसंगी मात्र जरूर दाबावे. जुना राउटर भंगारात देताना, विकताना किंवा नातलगाला वापरायला देताना आपली जोडणी आणि पासवर्ड त्याच्या पोटात तसेच असतात. त्याला वीज द्यावी, टाचणीने ते बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे. सारे दिवे एकदम विझून पुन्हा लागले, की मगच तो पिशवीत घालावा.